पुढचं चाक कुणीच मापलं नाही

सायमन,

तुझ्या रोजरीला आलेली माणसं तुझ्या गाडीच्या टायरांवरून भांडली. तू असतास तर तुला मजा आली असती. मी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून देवाकडे दोन गोष्टी एकदम मागत होते. यांनी आत्ताच्या आत्ता उठून जावं, आणि यांच्यातलं कुणीही कधीही उठू नये.

शेवटची प्रार्थना झाली, उकडलेल्या चण्यांच्या वाट्या फिरल्या, चहा झाला. गेलेल्या माणसाच्या घरी आपले लोक आठवडाभर रोज संध्याकाळी येतात, देवाला विनवतात आणि मग नेहमीसारखे गप्पांना बसतात. वसईत असतो तर बोलणं केळीवर नाहीतर विहिरीच्या पाण्यावर गेलं असतं. इथे कॅनडात, ग्वेल्फमध्ये, नोव्हेंबर लागला होता, म्हणून ते टायरांवर गेलं.

"लीना, गाडीचं काय करायचं, पोरी?" पास्कूमामांनी विचारलं. तुझे मामा तू गेल्यापासून मिसिसागाहून रोज येत होते आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीचं काय करायचं ते विचारत होते. "बर्फ तोंडावर आलाय. गाडी समर टायरवर उभी आहे. वर मागच्या चाकांवर चालणारी. पहिल्याच दिवशी भोवऱ्यासारखी फिरेल."

"विंटर टायर टाकले की नाही फिरत," मागून कुणीतरी म्हणालं.

"नुसते टायर टाकून काय? रिम केवढे मोठे आहेत बघा. एक पॉटहोल लागला की रिमचा निकाल."

"मग लहान रिम घ्या."

"त्यापेक्षा गाडीच विका आणि ऑल-व्हील ड्राइव्ह घ्या."

आवाज चढत गेले. मोनीमामी मेणबत्ती सरळ करत "अरे, त्याच्या फोटोसमोर तरी!" म्हणून ओरडल्या. सगळे गप्प झाले आणि मग खालच्या आवाजात पुन्हा सुरू झाले. फोटोत तू हसत होतास. तो फोटो गाडी घेतली त्या दिवशीचा आहे, फक्त त्यातली गाडी कापून टाकलीय. चर्चमध्ये ठेवायला बरं दिसत नाही म्हणाले. त्यामुळे तू कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभा असल्यासारखा दिसतोस आणि तिथे कुणीच नाही.

मला राग आला होता, पण त्यांचा नाही. तुझा. मेलास त्याचा राग आहेच, तो कुठे जाणार आहे? पण ठरवल्याशिवाय मेलास. सगळा सप्टेंबर आणि अर्धाअधिक ऑक्टोबर तू सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन चाकं बघण्यात घालवलास. आपली जुनी गाडी उन्हाळ्यात भंगारात गेली, तेव्हाच तू म्हणालास की या हिवाळ्यात हीच चालवायची. त्याआधीचे हिवाळे तिला तू गॅरेजात पांघरूण घालून ठेवायचास, आजारी मुलासारखं. यंदा ती बर्फात उतरणार म्हणून तुझ्या अंगात आलं होतं. मी भाजी चिरता चिरता विचारायचे, "झालं का निवडून?" आणि तू वर न बघता म्हणायचास, "अगं, चाक म्हणजे काय चप्पल आहे का? दुकानात शिरलो, पाय घातला नि निघालो."

एकदा जेवताना तू मला समजावून सांगितलंस. ताटातल्या भातावर सुरी आडवी ठेवलीस, ती वरच राहिली. मग धारेवर उभी केलीस, ती थेट ताटाला लागली. "रुंद टायर बर्फावर तरंगतो. अरुंद टायर बर्फ कापून खाली रस्त्याला टेकतो. म्हणून हिवाळ्यात टायर अरुंद हवा, आणि पुढे-मागे एकाच मापाचा." मारिसा म्हणाली, "डॅडी, दॅट्स माय राइस." तू तिचं ताट घेतलं होतंस. समर टायरचं रबर थंडीत थिजतं, तुपासारखं, हेही तू तेव्हाच सांगितलंस. मी सगळं ऐकलं, सायमन. तुला वाटायचं मी ऐकत नाही.

आपला वाद मापावर नव्हताच. तो दिसण्यावर होता. मला काळे, साधे, लोखंडी रिम हवे होते. चार महिने मीठ खाणार, चिखलात लोळणार, कशाला हवीत सुंदर चाकं? "बर्फात कोण बघतंय?" असं मी म्हटलं, तर तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "मी बघतोय." तुला ती गडद करड्या रंगाची, हलक्या धातूची, अलॉयची हवी होती. आठवडेच्या आठवडे हा वाद चालला. भाजी परतताना, कपड्यांच्या घड्या घालताना, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना गाडीत. कुणीच जिंकलं नाही. वाद संपवायची मला घाईही नव्हती, असा वाद घालत बसण्याएवढं सुख आपल्याला लाभलं होतं.

आणि मग एका सकाळी तू फॅक्टरीत मशीनशेजारी खाली बसलास आणि उठला नाहीस. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमध्ये, तळमजल्यावर, शस्त्रक्रियेची अवजारं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या आमच्या खात्यात मी हातमोजे घालून उभी होते, तेव्हा सुपरवायझर मला बोलवायला आली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. ते रोज आपोआपच माझ्या डोक्यात चालू असतं.

रोजरीच्या दिवसांत मामांनी तुझा लॅपटॉप उघडला. त्यांना वाटलं, पोराने काहीतरी ठरवलंच असेल. स्क्रीनवर एकामागून एक पानं उघडी होती, नुसती चाकंच चाकं. सतरा इंची, अठरा इंची, काळी, करडी, चंदेरी. एकही मागवलेलं नव्हतं. मामांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हा काही कुणाला सांगून गेलेला नाही." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तुला शिव्या घातल्या. ज्या तुझ्यासमोर कधी दिल्या नाहीत, त्यासुद्धा.

तुला कळत असेल ना, मला टायरांचं एवढं का पडलंय? माझी रजा डिसेंबरच्या सुरुवातीला संपत होती. ग्वेल्फहून हॅमिल्टनला माझ्या शिफ्टच्या वेळेला बस नाही. तूच मला सोडायचास, तूच न्यायला यायचास. दुसरी गाडी नाही, आणि हिवाळ्याच्या तोंडावर अशी गाडी कुणी धड किमतीला घेत नाही. मामांकडे यावर एकच उत्तर होतं, आणि ते अगदी प्रेमाने दिलेलं होतं. "आमचं बेसमेंट रिकामं आहे. ये, राहा. मारिसाला तिथल्या शाळेत घालू. तुला तिथे कुठेही काम मिळेल." मोनीमामींनी तर पडदेसुद्धा धुऊन ठेवले होते.

मी त्या बेसमेंटमध्ये राहिलेली आहे. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर आपण तिथेच होतो, खिडकीतून लोकांचे बूट बघत. तिथून वर येऊन आपण हे घर केलं. मारिसाची शाळा इथे आहे, तिची मैत्रीण समोरच्या घरात आहे, तू लावलेली कढीपत्त्याची कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मी पुन्हा खाली गेले तर पुन्हा वर येणार नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. तेव्हा गाडी चालवायची, नाहीतर घर सोडायचं. यात तिसरं काही मला सुचत नव्हतं, आणि ज्याला सुचलं असतं तो बोलत नव्हता.

चालवायला मला येते, तेवढी. तूच शिकवलीस, रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. गिअरची गाडी, माझा पाय क्लचवर थरथरायचा, गाडी आचके देऊन बंद पडायची. मारिसा मागच्या त्या टीचभर सीटवर गुडघे पोटाशी घेऊन हसायची. तू एकदाही आवाज चढवला नाहीस. इतर सगळ्या गोष्टींत चढवायचास, मीठ कमी पडलं तरी चढवायचास, पण तिथे नाही. "बंद पडली तर पडू दे," म्हणायचास, "परत सुरू होते." त्या दुपारींसाठी मी तुझी किती ऋणी आहे, हे तुला सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं, हायवेवर जाण्याइतकी शिकले की सांगेन.

तू गेल्याला महिना झाल्याच्या मिस्साच्या आधी मामांनी एक दिवस गॅरेजात मापाचा टेप नेला. तुझ्या ओळखीच्या लोकांनी ठरवलं होतं की या वेळी कबरीवर फुलं नकोत, सगळ्यांनी मिळून लीनाला विंटर टायर आणि रिम घेऊन द्यायचे. मला हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. असं कुणी करतं का रे? आपले लोक करतात. ते तुमच्या घरात नाक खुपसतात, मुलीची शाळा ठरवतात, नवऱ्याच्या फोटोसमोर ऑल-व्हील ड्राइव्हवरून भांडतात, आणि मग चार चाकं घेऊन दारात उभे राहतात.

मिस्सा झाल्यावर चर्चच्या पार्किंगमध्ये मामांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत चारही चाकं रांगेत, टायर चढवून तयार. सतरा इंची, काळी, लोखंडी. मी मागत होते तशीच. मामांनी आपल्या वादाबद्दल कुठूनतरी ऐकलं असावं. नवी गाडी घेतली की आपण फादरांना बोलावतो, मग नवी चाकं तशीच कशी न्यायची? फादर वारा झेलत बाहेर आले, त्यांनी प्रार्थना म्हटली आणि प्रत्येक चाकावर पवित्र पाणी शिंपडलं. सगळ्यांनी क्रूसाची खूण केली. पलीकडे स्वतःची गाडी काढायला आलेलं एक कॅनेडियन जोडपं टोप्या काढून उभं राहिलं. मारिसा माझ्या कोटाला बिलगून पुटपुटली, "मम्मी, डॅडी वुड हेट दोज." मी तिला गप्प बसवलं. पण खरं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी मामा आणि दोघंजण चाकं बसवायला आले, त्यांनी गाडी थोडी मागे घेतली. मागची दोन बसली, अगदी ताठ. मग त्यांनी पुढचं चाक उचलून लावलं आणि फिरवून बघितलं. ते फिरेना. रिम आतून ब्रेकला घासत होता. त्यांनी काढलं, पुन्हा लावलं, उलटसुलट करून बघितलं. मग मामा गाडीसमोर ठेवलेल्या खोक्यांकडे बघत राहिले. नाताळच्या गोठ्याच्या सामानाची ती खोकी तूच भिंतीपासून थेट पुढच्या चाकांपर्यंत, दोन्ही बाजूंनी रचून ठेवलेली. टेप घेऊन आले तेव्हा पुढे जायला वाट नव्हती, आणि तुझ्या खोक्यांना हात लावायचा कुणाला धीर झाला नव्हता. त्यांनी मागचं चाक मापलं. चारही सारखीच असणार असं धरलं. या गाडीचा पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा मोठा आहे, हे फक्त तुला माहीत होतं.

"थोडं घासलं की बसेल," मामा म्हणाले. "व्हॅनमध्ये ग्राइंडर आहे. ब्रेकचा हा एवढासा कोपरा उडवला की झालं."

आणि मी ओरडले. सायमन, मी आयुष्यात अशी ओरडले नव्हते. "त्याच्या गाडीला हात लावायचा नाही! कुणी हात लावायचा नाही!" शवपेटी खाली सोडली तेव्हा मी रडले नव्हते. मोनीमामींनी मला तेव्हा दोन्ही बाजूंनी धरून ठेवायला माणसं उभी केली होती आणि मी दगडासारखी उभी होते. ते सगळं त्या ब्रेकसमोर बाहेर आलं. मी गॅरेजच्या गार फरशीवर बसून गुरासारखी रडले. कुणी जवळ आलं नाही. समोरच्या घराचा पडदा हलला, तर हलू दे.

मी डोळे पुसून वर बघितलं, तर मामा उपड्या बादलीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर ते चाक होतं, लहान मूल घ्यावं तसं धरलेलं. "मला वाटलं, एवढं तरी त्याच्यासाठी नीट करावं," ते म्हणाले. "मी आणलं त्याला इथे. त्याच्या आईला काय सांगू?" आणि तो मोठा, सगळ्यांना हुकूम सोडणारा माणूस खांदे हलवत रडायला लागला. तोपर्यंत मला वाटत होतं की तू फक्त माझा गेला आहेस.

आता चाकं परत द्यायची, तर मोनीमामींनी डोळे मोठे केले. "आशीर्वाद दिलेली वस्तू दुकानात परत करायची? कुणी ऐकलंय का असं?" दोन दिवस ती चार चाकं गॅरेजात पडून राहिली. ना बसवता येत, ना हलवता येत. बाहेर पहिला बर्फ पडून गेला. शेवटी मीच फादरांना फोन केला. ते आधी हसले, मग हसल्याबद्दल माफी मागितली. "लीना, चाकं परत कर. नवी आली की आपण पुन्हा करू. पाणी पुष्कळ आहे."

मामा मला आणि चाकांना व्हॅनमध्ये घालून दुकानात घेऊन गेले. वाटेत त्यांनी बेसमेंटचं पुन्हा काढलं. मी म्हटलं, "मामा, मी येणार नाही." ते म्हणाले, "ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला तरी मी येणार. त्याला नाही म्हणू नकोस." मी नाही म्हटलं नाही.

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "व्हॉट साइझ?" आणि मामा बोलायच्या आत मी बोलले. पुढच्या ब्रेकवर बसेल असं सगळ्यात लहान माप. टायर अरुंद. चारही एकाच मापाचे, मागे रुंद नकोत. माझ्या तोंडून तुझे शब्द निघत होते. त्याने बघितलं आणि म्हणाला, अठरा इंची लागतील, पण त्या मापात लोखंडी रिम नाहीत. अलॉय घ्यावे लागतील. चंदेरी आहेत किंवा गडद करडे.

आपला सगळा वाद त्या एका वाक्यात तुझ्या बाजूने संपला होता, आणि तू त्याची बढाई मारायला नव्हतास. चंदेरी जरा स्वस्त होते. मला तुझ्याशी भांडायचं होतं. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. मला तू समोर उभा हवा होतास, छातीवर हात ठेवलेला, उर्मट. मी म्हटलं, "डार्क ग्रे."

चाकं आल्यावर मामांनी गाडी दुकानात आणून दिली, आणि ती तयार झाली तेव्हा त्या माणसाने विचारलं की काढलेली चाकं धुऊन पिशवीत भरू का. त्यांच्या खाचांत तू शेवटचं चालवलेल्या रस्त्यांची धूळ आहे. मी नको म्हटलं. चावी देताना तो म्हणाला, "शंभर एक किलोमीटर चालवा आणि परत या, नट पुन्हा आवळून देतो." ग्वेल्फहून हॅमिल्टनला एकदा जाऊन आलं की तेवढंच होतं.

आज जाणं झालं. सकाळी मारिसाला समोर मैत्रिणीकडे सोडलं. तिने विचारलं, "यू आर कमिंग बॅक, राइट?" मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. माझी सीट पुढे ओढली, तुझा आरसा खाली केला. हायवेवर बाजूने ट्रक गेला आणि काचेवर सगळा चिखल आला, काही दिसेना, तेव्हा मी मोठ्याने तुझं नाव घेतलं. देवाचं घ्यायला हवं होतं. चाकांनी रस्ता सोडला नाही. तू म्हणालास तसंच झालं, ती बर्फ कापून खाली टेकली, मला स्टिअरिंगमध्ये ते कळलं. मला आनंद झाला का? हो, झाला. पण तो घरी जाऊन सांगायला तू नव्हतास.

शिफ्ट आत्ताच संपली आहे. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून हे लिहिते आहे. बर्फ पुन्हा सुरू झाला आहे, चांगला जाड. काच झाकली गेली की मी वायपर एकदा फिरवते, आणि रस्त्याकडे बघते, आणि पुन्हा लिहिते. हात गार पडलेत. मला निघवत नाहीये, सायमन. हे एवढंसं घरी येणं मला जमेल असं वाटत नाही, आणि हे रोज आहे, सगळा हिवाळा आहे, त्याच्यापुढचा हिवाळा आहे. माझ्याबरोबर सुटलेल्या बायका दाराशी उभ्या राहून आपापल्या माणसांची वाट बघताहेत. एकेक गाडी येते, एकेक जण बसून निघून जाते. मीही अशीच उभी असायचे आणि तू उशीर केलास की फणफणायचे. आता दाराशी कुणीच उरलेलं नाही. गाडी सुरू आहे, दिवे लावलेत, आणि मला न्यायला मी आले आहे.